लेव्हिटी: एक जुना इंग्रजी शब्द समजून घेण्याची आणि वापरण्याची रीत

स्पर्धा परीक्षांच्या शब्दसूचीत 'लेव्हिटी'समोर बहुतेक वेळा एकच अर्थ छापलेला असतो: थिल्लरपणा. विरुद्धार्थी शब्द, ग्रॅव्हिटी. पाठांतर करणारा तेवढं लक्षात ठेवतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. मग कधीतरी एखाद्या इंग्रजी वर्तमानपत्रात त्याला वाचायला मिळतं की कुणा मोठ्या माणसाच्या अंत्यविधीत मुलीने केलेल्या भाषणात 'अ मोमेंट ऑफ लेव्हिटी' येऊन गेला, आणि बातमीदाराने ते चक्क कौतुकाने लिहिलेलं असतं. अंत्यविधीत थिल्लरपणा, आणि वर त्याचं कौतुक? इथे शब्दसूची हात वर करते.

हा शब्द जुना आहे, पुस्तकी आहे, रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही. पण एकोणिसाव्या शतकातली कादंबरी वाचणाऱ्याला, इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला, परदेशात राहून तिथल्या समारंभात चार शब्द बोलायची वेळ येणाऱ्याला तो टाळता येत नाही. नीट कळला तर फार नेमका शब्द आहे, कारण तो जे सांगतो ते दुसरा कुठलाही इंग्रजी शब्द एकट्याने सांगत नाही. तेव्हा एकेक पायरी चढू.

पहिली पायरी: उच्चार आणि व्याकरण उरकून घ्या

उच्चार लेव्ह-इ-टी. जोर पहिल्या अक्षरावर. 'ले' आखूड, 'सेव्हन'मधल्या 'से'सारखा. 'लीव्हर' हा शब्द कानावर असल्यामुळे काही जण 'लीव्हिटी' म्हणतात, ते चूक. अमेरिकन बोलण्यात शेवटचा 'ट' सैल होऊन 'ड'च्या जवळ जातो. ते ऐकताना ओळखता आलं की पुरे, मुद्दाम तसं बोलायची गरज नाही.

व्याकरणात तो भाववाचक नाम आहे आणि आजच्या इंग्रजीत मोजता येत नाही. म्हणून नुसतं 'अ लेव्हिटी' म्हणत नाहीत. 'सम लेव्हिटी', 'अ टच ऑफ लेव्हिटी', 'अ नोट ऑफ लेव्हिटी', 'अ मोमेंट ऑफ लेव्हिटी' अशी मापं लावतात. जुन्या गद्यात 'लेव्हिटीज' असं अनेकवचन भेटतं, तिथे अर्थ होतो थिल्लर चाळे. या शब्दाचं रोजच्या वापरातलं विशेषण नाही. विशेषण हवं असेल तर 'लाइट-हार्टेड' किंवा 'फ्लिपंट' असा दुसराच शब्द घ्यावा लागतो. आणि 'लेव्हिटेट' हे क्रियापद त्याच घरातलं असलं तरी त्याचा अर्थ हवेत तरंगणं. थट्टा करणं नव्हे.

दुसरी पायरी: आधी वजन पाहा, मग स्वभाव

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

लॅटिनमध्ये 'लेव्हिस' म्हणजे हलका आणि 'ग्रॅव्हिस' म्हणजे जड. त्यांची भाववाचक नामं 'लेव्हिटास' आणि 'ग्रॅव्हिटास'. इंग्रजीने सोळाव्या शतकात यातूनच 'लेव्हिटी' घेतला. आता हे आपल्याला परकं वाटायचं काही कारण नाही, कारण लॅटिन 'लेव्हिस' आणि संस्कृत 'लघु' हे एकाच मूळ धातूतून निघालेले सख्खे शब्द आहेत, तसेच 'ग्रॅव्हिस' आणि 'गुरु'ही. लेव्हिटी आणि ग्रॅव्हिटी ही जोडी म्हणजे आपली लघु आणि गुरूची जोडी. शाळेत भुजंगप्रयाताचा यगण मोजताना एक लघु, दोन गुरु असं ज्याने पाटीवर लिहिलं असेल, त्याच्या हातून हे दोन्ही शब्द आधीच गेलेले आहेत. ग्रॅव्हिटेशनला मराठीत गुरुत्वाकर्षण म्हणतात तेव्हाही हेच नातं जागं असतं.

आपला 'हलका' हा शब्दही 'लघुक'पासूनच आला. वाटेत प्राकृतात अक्षरांची अदलाबदल झाली एवढंच. आणि हा 'हलका' लेव्हिटी समजायला कुठल्याही कोशापेक्षा जास्त उपयोगी पडतो. तो आपण तीन तऱ्हांनी वापरतो. पिशवी हलकी आहे, हे वजन. माणूस हलक्या कानाचा आहे, हलक्या वृत्तीचा आहे, हा दोष. आणि रडून मन हलकं झालं, हा दिलासा. वजन, दोष, दिलासा: लेव्हिटी या शब्दाने चारशे वर्षांत नेमके हेच तीन मुक्काम केले. पहिला मुक्काम आता उठला आहे, दुसरा जुन्या पुस्तकांत आहे, तिसरा आजच्या वर्तमानपत्रांत. शब्दसूचीत फक्त दुसरा छापलेला असतो.

पहिल्या मुक्कामाची गोष्ट मला फार आवडते. ॲरिस्टॉटलच्या मते माती स्वभावतः जड, म्हणून खाली जाते, आणि अग्नी स्वभावतः हलका, म्हणून वर जातो. म्हणजे हलकेपणा ही जडपणाइतकीच खरी, स्वतंत्र अशी गोष्ट. युरोपात हा विचार शेकडो वर्षं टिकला. सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या अकादेमिया देल चिमेंतो या विज्ञानसंस्थेतल्या प्रयोगकर्त्यांनी असा स्वतंत्र हलकेपणा खरोखर असतो का, हे तपासायचे प्रयोग केले, आणि इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने पाण्याखालच्या वस्तूंच्या 'लेव्हिटी'वर लिहिलं. तिथे लेव्हिटी म्हणजे थट्टा नव्हे, हे लक्षात न घेता वाचलं तर काहीच कळणार नाही. अठराव्या शतकातही, धातू भाजल्यावर त्याचं वजन वाढतं हे समजावण्यासाठी काही रसायनशास्त्रज्ञ म्हणत की धातूतून निघून जाणाऱ्या 'फ्लॉजिस्टन'मध्ये, म्हणजे जळताना पदार्थातून बाहेर पडतं असं तेव्हा मानलेल्या द्रव्यामध्ये, लेव्हिटी असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने ऑक्सिजनची उकल केली आणि हा अर्थ विज्ञानातून गेला.

आपल्याकडे याच प्रश्नावर न्याय-वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी दुसरं उत्तर दिलं होतं. पदार्थांचे गुण ते चोवीस मोजत. सतराव्या शतकातला अन्नंभट्ट 'तर्कसंग्रहा'वरच्या स्वतःच्या 'दीपिका' टीकेत शंका मांडतो: लघुत्व हाही एक गुण आहे, मग गुण चोवीसच कसे? आणि उत्तर देतो की लघुत्व म्हणजे गुरुत्वाचा अभाव, त्याला वेगळं मोजायचं कारण नाही. पदार्थविज्ञान म्हणून हे उत्तर काय मोलाचं ते बाजूला ठेवू. पण इंग्रजी शब्दाच्या वापरासाठी ते पक्कं धरून ठेवा, कारण तिसरी पायरी त्याच्यावरच आहे.

दुसरा मुक्काम, दोषाचा, रोमन लोकांनी आधीच बांधून ठेवला होता. त्यांच्या लेखी पुरुषाचा मोठा गुण ग्रॅव्हिटास. शब्दाला वजन, वागण्यात ठामपणा. लेव्हिटास म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबता येत नाही असा स्वभाव. रोमन वक्ता सिसरोने इ.स.पू. ५९ मध्ये फ्लॅकस या अधिकाऱ्याच्या खटल्यात त्याच्या बचावाचं भाषण केलं, त्यात विरुद्ध बाजूच्या ग्रीक साक्षीदारांवर त्याने हाच ठपका ठेवला. नवा करारही पाहता येतो. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या सतराव्या वचनात, येण्याचा बेत बदलल्याबद्दल पौल विचारतो की मी हे चंचलपणाने केलं काय. तिथे लॅटिन बायबलमध्ये 'लेव्हिटास'चं रूप आहे आणि १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये 'लाइटनेस'. हसण्या-खिदळण्याचा तिथे संबंधच नाही, मुद्दा शब्द पाळण्याचा आहे. डॉ. जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशात लेव्हिटीचे अर्थ याच क्रमाने लागलेले आहेत: आधी वजनाचा हलकेपणा, मग चंचलपणा, आणि सगळ्यात शेवटी गांभीर्य नसलेली मौज.

म्हणून जुनं पुस्तक वाचताना पहिला प्रश्न हा: इथे वजनाबद्दल बोलणं चाललंय, शब्द न पाळण्याबद्दल, की हसण्याबद्दल?

तिसरी पायरी: समोरचं जड काय आहे ते शोधा

या शब्दाची सगळी किल्ली इथे आहे. लेव्हिटीला समोर काहीतरी गंभीर लागतं. सहलीला गेलेली मुलं खिदळत असतील तर ती लेव्हिटी नव्हे, ती नुसती मजा. तीच मुलं प्रार्थनेला उभी असताना खिदळली, तर ती लेव्हिटी. गप्पांच्या फडातला विनोद हा विनोद. न्यायाधीश शिक्षा सुनावत असताना मागच्या बाकावरून आलेला विनोद ही लेव्हिटी. गुरुत्वाचा अभाव जाणवायला मुळात तिथे गुरुत्व अपेक्षित असायला हवं.

शेक्सपिअरच्या 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मधला पाँपीच्या जहाजावरचा प्रसंग याचा उत्तम नमुना आहे. दुसऱ्या अंकाचा सातवा प्रवेश. रोमचं साम्राज्य वाटून घेतलेले तिघे, अँटनी, लेपिडस आणि ऑक्टेव्हियस सीझर, आपला शत्रू पाँपी याच्याशी झालेल्या तहानंतरच्या मेजवानीत दारू पीत आहेत. लेपिडस इतका झिंगलाय की त्याला उचलून न्यावं लागतं. नाचगाणं चालू आहे. तरुण ऑक्टेव्हियसला हे सहन होत नाही. तो म्हणतो की आपल्या जास्त गंभीर कामाच्या कपाळावर या लेव्हिटीने आठ्या पडल्यात, आता निघू. मूळ ओळीत 'ग्रेव्हर' आणि 'लेव्हिटी' हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे गुरु आणि लघु शेजारी शेजारी ठेवलेत. दारूबाजीला तो नुसती दारूबाजी म्हणत नाही. समोर साम्राज्याचं काम पडलंय म्हणून ती लेव्हिटी ठरते. पुढे साम्राज्य ऑक्टेव्हियसच्याच हाती गेलं हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या एका वाक्यातून दोन माणसांतला फरक कळतो.

दुसरं उदाहरण नाटकातलं नाही. २२ सप्टेंबर १८६२, वॉशिंग्टन. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं दुसरं वर्ष. पाचच दिवसांपूर्वी मेरिलँडमध्ये अँटिएटम ओढ्याकाठी एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. अध्यक्ष लिंकनने मंत्रिमंडळाला बोलावून घेतलं, आणि सगळे बसल्यावर एका विनोदी लेखकाचं नुकतंच आलेलं पुस्तक काढून त्यातलं एक प्रकरण मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अर्थमंत्री सॅमन चेसने आपल्या रोजनिशीत हे टिपून ठेवलंय: अध्यक्षांना वाचताना फार मजा वाटली, बाकीच्यांनाही, स्टँटन सोडून. एडविन स्टँटन हा युद्धमंत्री. त्याच्या खात्यात त्या वेळी मृतांच्या याद्या येत होत्या. चेस पुढे लिहितो की मग अध्यक्षांनी अधिक गंभीर सूर लावला, आणि तिथेही त्याने वापरलेलं विशेषण 'ग्रेव्हर' हेच आहे. त्या गंभीर सुरात लिंकनने जे वाचून दाखवलं तो गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेचा मसुदा होता: बंड केलेल्या राज्यांतले गुलाम १ जानेवारी १८६३ पासून मुक्त.

या एकाच प्रसंगाबद्दल स्टँटनच्या बाजूने लिहिणारा 'अनसीमली लेव्हिटी' लिहील आणि लिंकनच्या बाजूने लिहिणारा 'मच-नीडेड लेव्हिटी'. दोन्ही वाक्यं इंग्रजी म्हणून बिनचूक ठरतील. समोरचं वजन दोघांनाही मान्य आहे. ते वजन क्षणभर खाली ठेवावं की नाही, एवढ्यावरच मतभेद. माझं मत विचाराल तर ते वाचून दाखवणं लिंकनला आवश्यक होतं, पण स्टँटनचं न हसणंही मला तितकंच समजतं.

चौथी पायरी: सोबतचा शब्द वाचा, बोलणाऱ्याचा कल कळेल

लेव्हिटी हा शब्द सहसा एकटा येत नाही. त्याच्या आधीचं विशेषण किंवा क्रियापद सांगतं की बोलणारा रागावलाय की सुखावलाय.

'अनसीमली' म्हणजे न शोभणारी, 'अनड्यू' म्हणजे गैरवाजवी, 'इल-टाइम्ड' म्हणजे भलत्या वेळची, 'मिसप्लेस्ड' म्हणजे भलत्या ठिकाणची. यातलं काहीही दिसलं की मराठीत कानउघाडणीचा सूर धरा. 'धिस इज नो मॅटर फॉर लेव्हिटी' हे वाक्य चिडलेल्या मुख्याध्यापकाचं किंवा अध्यक्षस्थानी बसलेल्या माणसाचं: हा चेष्टेचा विषय नाही. 'टु ट्रीट विथ लेव्हिटी' म्हणजे एखादी गंभीर गोष्ट थट्टेवारी नेणं.

याउलट 'वेलकम', 'जेंटल', 'मच-नीडेड' अशी विशेषणं, 'अ टच ऑफ', 'अ मोमेंट ऑफ' अशी लहान मापं, किंवा 'ब्रिंग', 'ॲड', 'इंजेक्ट' अशी क्रियापदं दिसली की दिलाशाचा अर्थ. माप लहान आहे हेही बघून ठेवा. लेव्हिटी चांगल्या अर्थाने आली की ती जवळजवळ नेहमी थोडीशीच असते, क्षणभर, चिमूटभर. कुणी 'तासभर लेव्हिटी'चं कौतुक करत नाही.

विशेषण नसेल तर लिखाणाचं साल बघा. विसाव्या शतकाच्या आधीचं लिखाण असेल तर दोषाचा अर्थ धरून चाला, आजचं असेल तर वाक्य पुन्हा वाचा.

आणि एक जागा अशी आहे जिथे फार जपून वाचावं लागतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत एखाद्या स्त्रीबद्दल 'लेव्हिटी ऑफ कंडक्ट' असं लिहिलं असेल, तर ती हसरी होती असा त्याचा अर्थ नाही. तो तिच्या चारित्र्यावरचा ठपका आहे, सभ्य भाषेत गुंडाळलेला. उघड आरोप करायला पुरावा नसताना, किंवा उघड शब्द लिहिणं अशिष्ट मानलं जात असताना, हे दोन शब्द पुरत. तिचं लग्न मोडायला, घराचे दरवाजे बंद व्हायला एवढं पुरेसं होतं. पुरुषाबद्दल तोच शब्द आला तर तो फार तर बेजबाबदार ठरे. भाषांतर करताना इथे 'खेळकर स्वभाव' लिहिणाऱ्याने कथेचा कणाच काढून घेतलेला असतो. मराठीत 'तिचं वागणं सैल होतं', 'वागण्यात धरबंध नव्हता' असंच काहीतरी लिहायला हवं, म्हणजे वाचकाला त्या काळच्या माणसांइतकंच ते टोचेल.

पाचवी पायरी: शेजारपाजारच्या शब्दांपासून वेगळा काढा

'फ्रिव्हॉलिटी' हा त्याचा सगळ्यात जवळचा शेजारी. त्याचं मूळ लॅटिन 'फ्रिव्होलस', क्षुल्लक, कवडीमोल. त्याला समोर गंभीर प्रसंग लागत नाही. ज्या गोष्टीत मुळात काही दम नाही ती फ्रिव्होलस. आपल्या न्यायालयांत हे विशेषण रोज वापरात आहे: बिनबुडाची, वेळ खाणारी याचिका 'फ्रिव्होलस' म्हणून फेटाळली जाते आणि वर खर्च भरायला लावतात. तिथे लेव्हिटी चालणार नाही, कारण याचिकाकर्ता हसत नसतो. तो अगदी गंभीर असतो, पण त्याच्या मुद्द्यात वजन नसतं. याउलट न्यायाधीशांसमोर साक्षीदार हसत हसत उत्तरं देऊ लागला, तर त्याच्या वागण्यात लेव्हिटी आहे, साक्ष कितीही महत्त्वाची असो.

'फ्लिपन्सी'त उद्धटपणा मिसळलेला असतो. समोरच्याला किंमत न देता दिलेलं उडवाउडवीचं उत्तर. लेव्हिटीत अपमान असतोच असं नाही.

'ह्यूमर' म्हणजे विनोद किंवा विनोदबुद्धी. ती माणसाची शक्ती आहे. लेव्हिटी हा प्रसंगाचा रंग आहे. विनोद न करताही लेव्हिटी येऊ शकते, नुसतं ओठ दाबून हसणं पुरतं. 'मर्थ' म्हणजे आनंदाने खळखळून हसणं, त्यात कसलीच तक्रार नाही. 'ब्रेव्हिटी' म्हणजे थोडक्यातपणा. यमक जुळतं म्हणून परीक्षेत पर्याय म्हणून शेजारी ठेवतात, बाकी संबंध नाही.

जाता जाता गोतावळा. 'लेव्हिस'पासून लॅटिनमध्ये उचलणं, हलकं करणं या अर्थाचं क्रियापद झालं आणि त्यातून इंग्रजीत 'एलिव्हेटर', 'रिलीफ', 'अलीव्हिएट', पीठ वर आणणारं 'लेव्हन', तरफेचा 'लीव्हर' असे कितीतरी शब्द आले. यातला एक महाराष्ट्रात खेडोपाडी पोचला: लेव्ही. उचलणं या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदातून, कर उचलणं म्हणजे वसूल करणं, असा तो आला. कारखान्यांकडून सरकार ठरावीक दराने घेत असे ती लेव्हीची साखर. ते बंधन २०१३ मध्ये उठलं. माथाडी मंडळात मालक मजुरीवर भरतात ती रक्कमही लेव्हीच. मात्र 'लिव्हाइस' जीन्सचा यात काही संबंध नाही. लिव्हाय हे हिब्रू नाव आहे.

सहावी पायरी: मराठीत आणताना एकच शब्द धरून बसू नका

आपल्याकडे या अर्थाच्या शब्दांची चैन आहे आणि ती वापरली पाहिजे. प्रत्येक ठिकाणी 'थिल्लरपणा' लिहिणं म्हणजे एकाच चावीने सगळी कुलपं उघडायचा हट्ट.

वर्गातल्या शिक्षकाच्या तोंडी 'इनफ ऑफ धिस लेव्हिटी' असेल तर 'फाजीलपणा पुरे' याला तोड नाही. पोक्त माणूस लहानासारखा वागत असेल तर 'पोरकटपणा'. अर्थहीन बडबड असेल तर 'बाष्कळपणा', विनोदाचा दर्जाच खालावलेला असेल तर 'पाचकळपणा'. विचारांत खोली नसेल तर 'उथळपणा'. शब्द न पाळणारा, आज एक उद्या एक असा माणूस असेल, म्हणजे सिसरोच्या अर्थाने, तर 'चंचलपणा' किंवा 'धरसोड'. कुचेष्टा असेल तर 'टवाळी'. आणि बोलणारा नुसता एवढंच म्हणत असेल की प्रसंग पाहिला नाही, तर नामाच्या मागे न लागता 'वेळकाळ न बघता थट्टा करणं' असं मोकळं लिहावं. मराठीला नामापेक्षा क्रियापद जास्त मानवतं.

दिलाशाच्या अर्थाला तर नाम शोधूच नये. 'हलकेफुलकेपणा' हा शब्द मला पटत नाही. तो भाषांतराच्या टेबलावर तयार झालेला वाटतो. समजा इंग्रजी बातमीत आहे की दुष्काळावरच्या चर्चेत एका सदस्याच्या टिप्पणीने सभागृहात 'अ मोमेंट ऑफ लेव्हिटी' आणला. मराठी बातमीदार काय लिहील? 'सभागृहात हशा पिकला आणि वातावरण क्षणभर निवळलं.' किंवा 'खसखस पिकली'. हीच खरी भाषांतरं. 'निवळणं' या क्रियापदात आधीचा गढूळपणाही आला, म्हणजे समोरचं वजनही आपोआप आलं.

पद्धत म्हणून सांगायचं तर असं करा. इंग्रजी वाक्यातला लेव्हिटी हा शब्द झाका. प्रसंग कोणता, बोलणारा कोण, तो चिडलाय की सुखावलाय, हे तीन प्रश्न विचारा. मग त्या जागी आपल्या घरातलं माणूस काय म्हणालं असतं ते मोठ्याने म्हणून बघा. जे तोंडातून आधी येईल ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

सातवी पायरी: स्वतः वापरताना

बोलण्यात वापरू नका. मित्राला 'स्टॉप धिस लेव्हिटी' म्हटलं तर तो जुन्या नाटकातला संवाद वाटेल. तिथे 'बी सीरियस' किंवा 'धिस इज नॉट फनी' एवढं पुरे.

लेखी इंग्रजीत मात्र त्याला चांगल्या जागा आहेत. चौकशी अहवालात किंवा तक्रारीत एखाद्याने प्रकरण हसण्यावारी नेलं असं सौम्य पण ठाम शब्दांत नोंदवायचं असेल, तर 'द कंप्लेंट वॉज ट्रीटेड विथ लेव्हिटी' हे वाक्य फार उपयोगी आहे. आरडाओरडा न करता ठपका ठेवता येतो. पुस्तकाच्या किंवा भाषणाच्या परीक्षणात, गंभीर विषय पेलताना वक्त्याने कुठे श्वास घेऊ दिला हे सांगायलाही हा शब्द नेमका आहे.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शेजारी, सहकारी वारला की स्मृतिसभेत जवळच्यांना बोलायला सांगतात, आणि गेलेल्या माणसाची एखादी गमतीची आठवण सांगणं तिथे मान्य असतं, अनेकदा अपेक्षितच असतं. 'अ लिटल लेव्हिटी इज वेलकम' असं कुणी आधी सुचवलं तर घाबरू नका. आपल्या शोकसभेत असं हसू सहसा कुणी आणत नाही, म्हणून आपल्याला ते अवघड जातं. आठवण अशी निवडा जिच्यात गेलेल्या माणसाचा स्वभाव दिसतो आणि जी ऐकताना त्याच्या घरच्यांना आधी हसू येईल. एकच सांगा, छोटी सांगा, आणि त्यानंतर पुन्हा सावकाश मूळ सुरावर या. ऑफिसात घडलेली, घरच्यांना ठाऊक नसलेली आणि त्यांना अवघडून टाकणारी गोष्ट ही 'मिसप्लेस्ड लेव्हिटी'.

आता थोडा सराव. पुढची वाक्यं बरोबर की चूक ते आधी स्वतः ठरवा, मग उत्तर वाचा.

'हिज लेव्हिटी ॲट द पिकनिक मेड एव्हरीवन हॅपी.' चूक. सहलीत जड काही नाही, त्यामुळे लेव्हिटीला पाय ठेवायला जागा नाही. 'चिअरफुलनेस' लिहा.

'द कोर्ट डिसमिस्ड द पिटिशन ॲज लेव्हिटी.' चूक. इथे 'फ्रिव्होलस' हवं.

'शी टोल्ड अ लेव्हिटी अँड वी लाफ्ड.' चूक. सांगितला तो 'जोक'. लेव्हिटी सांगता येत नाही, मोजताही येत नाही.

'द चेअरमन रिब्यूक्ड हिम फॉर हिज लेव्हिटी.' बरोबर, दोषाचा अर्थ. मराठीत: 'भलत्या वेळी चेष्टा केल्याबद्दल अध्यक्षांनी त्याला झापलं.'

'ॲमिड द स्ट्राइक टॉक्स, द ओल्ड क्लार्क प्रोव्हायडेड अ मोमेंट ऑफ लेव्हिटी.' बरोबर, दिलाशाचा अर्थ. संपाची बोलणी हे समोरचं वजन, आणि माप क्षणाचं. मराठीत: 'संपाच्या बोलण्यांत सगळे ताणून बसले होते, तेवढ्यात म्हातारे कारकून काहीतरी बोलून गेले, हशा पिकला आणि दोन्ही बाजूंनी चहा मागवला.' शेवटचा चहा मूळ वाक्यात नाही. भाषांतरात तो काढून टाकावा लागेल, पण सराव करताना असा एखादा तपशील मनात घालून पाहिला की शब्दाचा कल चटकन कळतो.